मुंबईत नव्याने नोकरीला आलात? लोकलचा रोजचा ताण पेलायचा कसा

नाशिक, सातारा, लातूर, चिपळूण, कुठूनही आलात तरी भाडं परवडतं म्हणून खोली मिळते ती बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा नाहीतर पनवेलच्या बाजूला. ऑफिस असतं फोर्टात, लोअर परळला नाहीतर अंधेरीला. मधलं सगळं लोकलच्या भरवशावर. पहिले दोन-तीन महिने बहुतेकांची तक्रार कामाबद्दल नसतेच. काम जमत असतं, साहेबही बरा असतो, पण रात्री घरी पोचल्यावर कुणी "जेवायला काय करू?" एवढं विचारलं तरी अंगावर खेकसावंसं वाटतं. मी साताऱ्याहून आलो तेव्हा माझं हेच चाललं होतं, आणि माझ्यानंतर गावाकडून आलेल्या प्रत्येकाकडून हीच कहाणी ऐकली. त्यांना तोंडी सांगत आलो ते इथे नीट क्रमाने लिहितोय.

गर्दी कमी करायचा उपाय यात नाही, आणि तो तुमच्या-माझ्या हातातही नाही. मात्र त्याच गर्दीत वीस-वीस वर्षं काढून संध्याकाळी हसत घरी जाणारी माणसं मी रोज बघतो. ती काही वेगळ्या मातीची नाहीत. त्यांनी काही गोष्टी लावून घेतल्यात, एवढंच.

आधी हाताशी काय हवं

- पास आणि मूळ ओळखपत्र. मासिकऐवजी तिमाही काढा, दर महिन्याची एक धास्ती कमी होते. संपायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरवर दोन दिवस आधीची टाकून ठेवा.
- गाड्यांच्या वेळा दाखवणारं ॲप. एम-इंडिकेटर बहुतेकांकडे असतंच.
- पोटावर घेता येईल अशी सॅक. पाठीवरची सॅक म्हणजे रोजच्या एका भांडणाचं आमंत्रण.
- पाण्याची लहान बाटली आणि काहीतरी कोरडं खायला: फुटाणे, राजगिऱ्याची चिक्की. संध्याकाळची निम्मी चिडचिड नुसत्या भुकेची असते.
- वायरचे इअरफोन. बिनवायरचा एक कानातून निसटून फटीतून रुळावर गेला की त्याच्या नावाने आंघोळ करायची.
- हाताला किंवा डोक्याला चाळा देणारं, तुमच्या आवडीचं काहीतरी. हे सविस्तर पाचव्या पायरीत येतंच.

सेकंड क्लासच्या पासावर फर्स्ट क्लासमध्ये चढू नका, आणि साध्या पासावर एसी लोकलमध्येही. "एकच स्टेशन तर आहे" असं म्हणणाऱ्याला टीसी नेमका त्याच स्टेशनात भेटतो. दंड किमान २५० रुपये, वर तिकिटाचे पैसे, आणि चारचौघांत झालेली शोभा वेगळी.

१. गाडी ठरवा, डबा ठरवा, खांबसुद्धा ठरवा

नवा माणूस स्टेशनात येतो आणि समोर येईल त्या गाडीत घुसायला बघतो. रोज वेगळी गाडी, वेगळा डबा, वेगळी माणसं. त्यामुळे रोज पहिल्या दिवसाइतकाच दमतो.

१९७०च्या दशकात स्वीडनमध्ये स्टॉकहोमला कामाला जाणाऱ्या रेल्वे प्रवाशांचा अभ्यास झाला होता. लघवीतल्या ॲड्रेनलिनच्या प्रमाणावरून कुणाला किती ताण येतो ते मोजलं. पहिल्या स्टेशनावर चढणाऱ्यांचा प्रवास लांबचा, मधल्या स्टेशनावर चढणाऱ्यांचा त्याहून बराच कमी. तरी ताण जास्त निघाला तो मधून चढणाऱ्यांमध्ये. पहिल्या स्टेशनावरच्यांना हवी ती जागा निवडता येत होती, मधल्यांना गाडीत उरलेल्या जागेत भागवावं लागत होतं. कर्जतवाल्यापेक्षा मुलुंडवाला जास्त वैतागलेला का दिसतो, याचं उत्तर मला यात मिळालं.

तेव्हा पहिल्या पंधरवड्यात हे करा. लागोपाठच्या तीन-चार गाड्या करून बघा आणि त्यातली एक पक्की करा. इथे गाडी ओळखतात ती वेळेवरून. "मी आठ-बाराला असतो" म्हटलं की पत्ता पूर्ण होतो. फास्टचा हट्ट धरू नका. स्लोला थोडा जास्त वेळ लागतो, पण कित्येकदा श्वास घ्यायला आणि पुस्तक उघडायला जागा मिळते. रोजच्या ताणाच्या हिशेबात ती दहा-पंधरा मिनिटं महाग नाहीत.

मग डबा. उतरायच्या स्टेशनात पूल ज्या डब्यासमोर येतो तो डबा धरा. त्या डब्याचा दरवाजा तुमच्या प्लॅटफॉर्मवर नेमका कुठे थांबतो ते बघून खूण ठेवा: चहाचा स्टॉल, पाण्याचा नळ, पंख्याखालचा खांब. जुनी माणसं गाडी येण्याआधी पाच मिनिटं आपापल्या खांबापाशी येऊन उभी असतात, पेपर वाचत. त्यांना धावताना तुम्ही कधी बघणार नाही.

बसायची जागा मिळावी म्हणून बरेच जण उलट्या दिशेने एक-दोन स्टेशनं मागे जातात आणि तीच गाडी परतताना बसून येतात. डोंबिवलीचा माणूस कल्याणहून येतो तो असा. युक्ती चांगली आहे, पण पास त्या मागच्या स्टेशनापासूनचा असायला हवा. यात पुष्कळ जण अडकतात.

दुसरा सापळा लांबच्या गाड्यांचा. विरार फास्टमध्ये बोरिवलीला उतरायला म्हणून चढू नका. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत ठाण्याला उतरायचा बेत करू नका. उतरू देणार नाहीत असं नाही, पण उतरेपर्यंत जे ऐकून घ्याल ते आठवडाभर डोक्यात फिरत राहील. त्या लांबच्या प्रवाशांचंही चुकत नाही. त्यांना गाड्या कमी आणि घर लांब.

रविवारी कुठे निघायचं असेल तर शनिवारीच मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी, कुठे आहे ते बघा.

२. हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं काढा

गाडी लेट झाली, सिग्नल गेला, गाडीच्या टपावर वीज घेणारा पेंटोग्राफ तुटला, हे हाताबाहेरचं. किती वाजता निघालो, ऑफिसात कळवलं का, पोटात काही आहे का, हे हातातलं. ऐकायला सोपं, पण प्लॅटफॉर्मवर "गाडी पंधरा ते वीस मिनिटं उशिराने धावत आहे" ऐकल्यावर आपण हातातलं सोडून हाताबाहेरच्यावर भांडत बसतो. दर मिनिटाला इंडिकेटर बघतो. शेजाऱ्याला विचारतो, त्यालाही तेवढंच माहीत असतं.

मी नव्यांना एक ठरावीक क्रम सांगतो. घोषणा ऐकली की आधी ऑफिसला मेसेज: "गाडी लेट आहे, अंदाजे अमुक वाजता पोचतो." मेसेज आधीच लिहून मोबाईलमध्ये ठेवा, फक्त वेळ बदलायची. मग दोन घोट पाणी. मग जिथे उभे आहात तिथेच चार-पाच श्वास असे घ्या की बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लागेल. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे कुठल्याही डॉक्टरला विचारा. एवढं झालं की इंडिकेटरकडे पाठ करायची.

ऑफिसशी पहिल्याच महिन्यात बोलून ठेवा. नेहमी दहा-पंधरा मिनिटं आधी पोचेल अशी गाडी धरणाऱ्याला महिन्यातून एखाद्या लेटबद्दल कुणी बोलत नाही. रोज शेवटच्या मिनिटाची गाडी धरणाऱ्याला मात्र प्रत्येक सिग्नलवर घाम फुटतो.

आणि धक्क्यांबद्दल. धक्का तुम्हाला मारलेला नसतो, मागून आलेला पुढे गेलेला असतो. ज्याचा कोपर तुमच्या बरगडीत आहे त्याच्या बरगडीत तिसऱ्याचा आहे. ही समजूत एकदा पक्की बसली की "मुद्दाम केलं" हा विचारच डोक्यात येत नाही, आणि राग बहुतेक त्या विचाराचाच असतो.

३. डब्यातला कायदा शिकून घ्या

हा कुठे लिहिलेला नाही, पण याच्यावाचून होणारी भांडणंच सगळ्यात जास्त शीण आणतात.

तिघांच्या बाकावर चौथा बसतो. चौथी सीट म्हणजे एका मांडीपुरती जागा, उरलेला माणूस वाटेत. तुम्ही तिघांतले असाल तर कुणी नुसतं "जरा..." म्हटलं की सरकायचं. चौथे असाल तर मिळालं तेवढ्यात समाधान मानायचं, हळूहळू रेटत तिसरा व्हायला बघायचं नाही.

उभे असाल तर बसलेल्यांना विचारून ठेवायचं, "कुठे उतरणार?" त्याने "घाटकोपर" म्हटलं की ती जागा तुमच्या नावावर झाली. आता तिथून हलायचं नाही, आणि तुमच्या आधी कुणी विचारलं असेल तर त्या जागेवर हक्क सांगायचा नाही. दादरला उतरायचं असेल तर एक स्टेशन आधीच दरवाजाच्या दिशेने सरकायला लागायचं आणि पुढच्याला विचारायचं, "दादर?" त्याने मान हलवली तर त्याच्या मागे उभं राहायचं. नाही म्हणाला तर जागा बदलून घ्यायची. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही त्यालाच विचारा, कुणी हसत नाही.

दरवाजात लटकू नका, आणि गाडी चुकेल म्हणून रूळ ओलांडू नका. यावर जास्त लिहीत नाही.

४. ग्रुपमध्ये शिरा

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे. ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात रोज तेच चेहरे भेटतात. ओळख करून घ्यायला नवा माणूस बिचकतो. वाटतं, लोक दमलेले असतील, कशाला त्रास द्या.

शिकागोत हेच तपासून बघितलंय. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघांनी २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. रेल्वेने कामाला जाणाऱ्या काहींना अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, काहींना रोजच्यासारखं वागायला. बोललेल्यांचा प्रवास सगळ्यात सुखाचा झाला. गंमत म्हणजे, असा प्रवास कसा होईल हे आधी विचारलं तेव्हा लोकांचा अंदाज बरोब्बर उलटा होता. लोकलच्या डब्यात रोज भजनं म्हणत जाणाऱ्या आपल्याकडच्या भजनी मंडळांना हे सांगायला शिकागोला जावं लागलं नसतं.

शिरायचं कसं? पहिला आठवडा फक्त मान हलवा. दुसऱ्या आठवड्यात कालच्या मॅचबद्दल एखादं वाक्य. मग कुणाचा तरी डबा वरच्या रॅकवर ठेवायला हात द्या. ठेवलेला डबा उतरताना आठवणीने काढून दिलात की काम झालं. एक दिवस गेला नाहीत की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतं, "काल कुठे होतात?" परक्या शहरात हा प्रश्न किती मोठा आहे हे तो ऐकल्यावरच कळेल.

पुढे मग सगळंच येतं. कुणाला मुलगा झाला की पेढे, बढती मिळाली की समोसे, दसऱ्याच्या आसपास डब्याला झेंडूची तोरणं आणि गाडीची पूजा. बायकांच्या डब्यात तर याहून जास्त. बायको सांगते, तिच्या गाडीत हळदीकुंकू होतं, नवरात्रात त्या त्या दिवसाच्या रंगाने डबा भरून जातो, आणि परतताना मेथी निवडून होते. एकीची जुडी चौघींच्या मांडीवर वाटली जाते, गप्पा चालू असतात, आणि डोंबिवली यायच्या आत पानं पिशवीत, देठं वेगळ्या पिशवीत. घरी पोचल्यावरचं अर्ध्या तासाचं काम गाडीतच उरकलेलं.

तीन गोष्टींपासून जपा. जागा अडवून दादागिरी करणारे ग्रुप असतात, त्यांच्यात जाऊ नका. त्यांची मजा दुसऱ्याच्या ताणावर चालते. भिशी किंवा उसनवारी ओळख मुरल्याशिवाय नको. आणि भजन असो की पत्ते, शेजारी कुणी डोळे मिटून बसलं असेल तर आवाज बेताचा.

५. हसायची सवय आणि आवडीचं काम

विनोदी स्वभाव जन्मजात असावा लागत नाही. डब्यात रोज पुरवठा होतोच, फक्त टिपायची सवय लावायची. आमच्या डब्यात गाडी थांबली आणि घोषणा सुरू झाली की सगळे मिळून बाईंच्या आवाजाबरोबर म्हणतात, "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." शेवटच्या "आहोत"वर एक जण सूर लांबवतो. गाडी तरीही हलत नाही, पण डबा हसलेला असतो, आणि कपाळावर आठ्या घालून हसता येत नाही.

दुसरा एक नियम आमच्याकडे आहे: गाडीबद्दल रडगाणं गायचं असेल तर दहा रुपये दंड. महिनाअखेरीला जमलेल्या पैशांची मिसळ. पहिल्या महिन्यात मिसळ दोन वेळा झाली, आता वडापावपुरतेही जमत नाहीत. घरच्या घरी, नवरा-बायकोतही हा नियम चालतो.

एकच पथ्य. टिंगल करायची तर परिस्थितीची किंवा स्वतःची. शेजाऱ्याच्या गावाची, भाषेची, अंगाच्या वासाची नको. आणि ज्याच्या घरात आजारपण आहे त्याच्यापुढे विनोदाचा आग्रह नको. त्याला त्या दिवशी खिडकीची जागा द्या.

आता आवडीचं काम. प्रवासाचा वेळ वाया जातो ही टोचणी स्वतःच एक ताण आहे. ती काढायला त्या वेळात तुमचं स्वतःचं काहीतरी हवं, ऑफिसचं नको. बसायला मिळत असेल तर पुस्तक, सुडोकू, क्रोशाचं विणकाम, पेन्सिलने समोरच्याचे बूट काढणं. आमच्यातला एक जण फक्त बूट आणि चपला काढतो, वह्यांवर वह्या भरल्यात. उभं राहावं लागत असेल तर कानांनी करायचं: गाणं, एखादी भाषा, कथा. आणि दोन्ही हात वर अडकलेले असतील तर पाठांतर. मी आठवड्याला एक अभंग पाठ करायचा ठेवलाय. ज्ञान वाढतं म्हणून नाही, तर कुर्ला-शीव कधी गेलं ते कळत नाही म्हणून.

रीळं बघणं यात धरू नका. दीड तास अंगठा सरकवून उतरणारा माणूस ताजा उतरलेला मी तरी बघितलेला नाही. ऑफिसचे ईमेलही गाडीत उघडू नका. उत्तर देता येत नाही, नेटवर्क जातं, आणि चिंता तेवढी पूर्ण डाउनलोड होते.

पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. बहुतेक उपनगरांत एखादं वाचनालय स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतं.

६. घरी पोचल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी

घरात शिरल्याशिरल्या हिशेब, मुलांचा अभ्यास, गावाकडचे फोन नकोत. हातपाय धुवा, चहा घ्या, वीस मिनिटं कुणी काही विचारायचं नाही असं घरच्यांशी बोलून ठरवा. एकटे राहत असाल तर याच वेळात मोबाईल दुसऱ्या खोलीत, नसेल दुसरी खोली तर फडताळात.

रविवार झोपेत घालवला तर सोमवार जड जातो. महिन्यातून एखादं नाटक बघा. दादरचं शिवाजी मंदिर, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे रंगमंदिर, जवळ असेल ते. बाल्कनीचं तिकीट चालतं. पावसाळा सोडून नेरळहून माथेरान, बोरिवलीहून कान्हेरी लेणी. त्याच लोकलने जा, पण गर्दीच्या उलट्या वेळेला, खिडकीत बसून. गाडीवरचा राग त्यानेही उतरतो.

७. एवढ्याने भागत नसेल तर

गाडीत चढायच्या विचारानेच छातीत धडधडतं, झोप उडालीय, जेवण जात नाही, कशातच रस वाटत नाही, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर विनोद आणि छंदांवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोन सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बोलायला आजाराचं नाव माहीत असावं लागत नाही. आपलं काही बरंवाईट करून घ्यावं असे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आत्ताच फोन लावा.

कधी कधी उत्तर साधं असतं: शिफ्ट एक तास पुढे-मागे करून घेणं, नाहीतर घर दोन स्टेशनं अलीकडे आणणं. भाड्याचे दोन हजार जास्त जातील. रोजच्या वाचणाऱ्या वेळेशी तोलून बघा.

८. पहिल्या पावसाळ्याआधी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस क्वचित, पण वर्षातून एक-दोनदा गाड्या बंद पडतातच. मे महिन्यातच तयारी करा. ऑफिसच्या खणात एक जोड कपडे, टॉवेल, रबरी चप्पल, चार्जर आणि बिस्किटांचे दोन पुडे ठेवा. ऑफिस आणि घर यांच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे दादर, कुर्ला, ठाण्याच्या आसपास, रात्र काढता येईल असं एक नातेवाईकाचं नाहीतर मित्राचं घर हेरून त्यांना आधीच विचारून ठेवा. त्यांचा नंबर मोबाईलमध्ये आहेच, तो एका कागदावर लिहून पासाच्या पाकिटातही ठेवा, बॅटरी संपली की तोच उपयोगी पडतो. आणि गाड्या बंद पडल्याचं कळलं की लगेच निघायची घाई करू नका. आधी ग्रुपवर विचारा कोण कुठे आहे. एकट्याने रुळावरून चालत निघण्यापेक्षा चौघांनी ऑफिसात चहा पीत थांबणं कधीही बरं.